काढणीच्या दिवसांतलं हलकं जेवण



पाडवा झाला. ज्वारीची मळणी उरकली, कडबा गंजीला लागला आणि आता आपल्या माणदेशात कांद्याची काढणी सुरू आहे. ऊन सकाळी नवालाच पाठीवर बसतंय. अशा दिवसांत रेडिओ केंद्रातल्या ताईंनी आमच्या बचत गटाला विषय दिला, 'उन्हाळ्यातलं हलकं, ताजं जेवण'. माइकसमोर आमच्यातली एकच बसली आहे. पण जे सांगायचं ते दहा जणींनी बैठकीत बोलून ठरवलंय, म्हणून सगळं 'आम्ही' म्हणूनच सांगतो.

विषय वाचून दाखवला तेव्हा बैठकीत आधी हशाच पिकला. एक काकी म्हणाल्या, "आपलं जेवाण जड होतं कधी गं?"

काकींचं चुकलं नव्हतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत हलकं जेवण म्हणजे वजन उतरवायचं जेवण असतं. आपल्याला ते नको. आपल्याला हवं ते असं की उन्हात पोटाला जड पडू नये, अंगातलं पाणी-मीठ भरून निघावं, करायला चुलीपुढं तासभर बसावं लागू नये आणि रानात नेलं तरी न्याहारीपर्यंत विटू नये. तसं जेवण आपल्या आज्यांना चांगलं माहीत होतं. मग आपण ते का सोडलं, आणि आमच्या गटानं परत का धरलं, ते आधी सांगतो.

मागच्या वैशाखातली गोष्ट. आम्ही सहा-सात जणी गावापासून लांब एका रानात कांदा काढायला जात होतो. आमच्यातली एक ताई, वय अजून चाळीस नाही, पात कापता कापता बसल्या जागी कलंडली. अकरा वाजले असतील. आधी वाटलं, डुलकी लागली. हाक मारली तर ओ नाही. उचलून लिंबाच्या सावलीला आणली, पदर ओला करून तोंडावरनं, मानेवरनं फिरवला, तेव्हा डोळे उघडले. दवाखान्यात नेली, सलाइन लावलं. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी काय खाल्लं होतं?" ताई म्हणाली, "च्या घेतला होता."

पुढच्या बैठकीत बचत लिहून झाली, हप्ते मोजून झाले, आणि आम्ही वही मिटली नाही. एकेकीला विचारलं, आज सकाळी काय खाऊन निघालीस? दहातल्या सात जणी चहावर निघाल्या होत्या. त्यातल्या एकीनं त्या दिवशी पहाटे घरातल्या चौघांचे डबे बांधले होते. चौघांचे. स्वतःचा नाही.

गडबड असते, टेम्पो येतो, हे कारण सगळ्यांनी लगेच सांगितलं. पण तेवढंच नव्हतं. पहाटे पाचला तव्यापुढं बसून पंधरा भाकऱ्या थापल्या की त्या धगीनं भूकच मरते. वर कोरड्यास तिखटजाळ. ते अशा वेळी घशाखाली उतरत नाही. मग कपभर चहा ढकलायचा आणि निघायचं. तिसरं कारण कुणी लवकर बोलेना. शेवटी एक धाकटी सून बोलली, "सगळ्यांच्या आधी खायचं म्हणजे कसं दिसतं?" त्यावर बराच वेळ कुणी काही म्हणालं नाही, कारण प्रत्येकीच्या घरात तेच होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी नावाची सरकारी पाहणी असते. २०१९-२१ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आम्ही हा आकडा प्रशिक्षणात ऐकला होता, फळ्यावर लिहून पण घेतला होता. ताई कलंडली तेव्हा तो आकडा कळला.

तर ठरलं असं, की पहाटे नव्यानं काही रांधायला लागणार नाही आणि गार गार खाता येईल असं काहीतरी रात्रीच करून ठेवायचं. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आलं, अंबील. आणि पहिला विरोधही तिथंच झाला.

आमच्यातल्या एकीच्या सासूबाई आहेत, त्यांना आख्खी आळी आत्या म्हणते. सुनेनं अंबील करायचं काढल्यावर आत्या म्हणाल्या, "माझ्या घरातली सून अंबील घेऊन दुसऱ्याच्या बांधावर बसणार? लोक म्हणतील, ह्यांच्यात कोरड्यासाला पण महाग झालंय." आम्ही दोघी-तिघी समजवायला गेलो. ज्वारी किती चांगली, २०२३ साल तर जगभर भरडधान्याचं वर्ष म्हणून पाळलं, शहरात लोक विकत घेऊन पितात, असं सगळं सांगितलं. आत्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बहात्तरच्या दुष्काळात मी बारा-तेरा वर्षांची होते. आईसंगं खडी फोडायला जायचे. मिलोची अंबील असायची. त्यात पीठ हुडकायला लागायचं. ते मी प्याले, आता माझ्या सुनेनं प्यायचं नाही."

मैत्रिणींनो, आम्ही शिकलेल्या, प्रशिक्षणाला जाऊन आलेल्या. पण यावर काय बोलायचं ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं. आम्ही उठून आलो.

मग पुढची बैठक त्यांच्याच ओसरीवर घेतली आणि घरून अंबील करून नेली, दाट, ताक घातलेली. आत्यांना प्या म्हणालो नाही. त्या जरा लांब बसून बघत होत्या. मग पातेल्यावर वाकल्या, वास घेतला आणि म्हणाल्या, "लसूण कमी हाय. जिरं भाजलं नाही व्हय गं कुणी? आणि पीठ कच्चं ऱ्हायलंय." आत्या आजही अंबील पीत नाहीत. पण आता जी कृती सांगतो ती त्यांनी दुरुस्त करून दिलेली आहे.

एक वाटी ज्वारीचं पीठ घ्या. मालदांडी असली तर चवीला गोडी येते, पण घरात जी आहे ती चालेल. दोन वाट्या ताकात पीठ गुठळी न होता कालवा आणि झाकून ठेवा. भांडं मातीचं किंवा स्टीलचं. ॲल्युमिनिअमचं नको, आणि बिनकल्हईच्या पितळेचं तर मुळीच नको, आंबट पदार्थ त्यात कळकतो आणि त्रास होतो. आम्ही सकाळी कामावर निघताना पीठ भिजवतो. संध्याकाळपर्यंत ते छान आंबतं. रात्रीचा स्वयंपाक झाला की त्याच विस्तवावर चार वाट्या पाणी ठेवायचं, चवीपुरतं मीठ, सहा-सात लसणाच्या पाकळ्या ठेचून. पाण्याला चांगली उकळी आली की एका हातानं पीठ ओतायचं, दुसऱ्या हातानं ढवळत राहायचं. हात थांबला की गुठळ्या झाल्याच. मग आच कमी करून दहा मिनिटं शिजवायचं. पीठ शिजलं हे कसं ओळखायचं? आत्या म्हणतात, "कच्चं असतंय तवर पिठाचा वास येतोय, शिजलं की भाकरीचा येतोय." वर जरा चकाकी पण येते. उतरवून गार करा आणि माठाशेजारी झाकून ठेवा. पहाटे ती घट्ट झालेली असते. त्यात दोन वाट्या ताजं ताक, भाजून कुटलेलं जिरं आणि असली तर कोथिंबीर घालून रवीनं घुसळा. चार माणसांना पुरते. पहाटेचं काम पाच मिनिटांचं.

एक तांब्या घरी प्यायचा, एक किटलीत घालून न्यायचा. किटलीतच न्या. आमच्यातल्या एकीनं पहिल्या आठवड्यात कोल्ड्रिंकच्या रिकाम्या बाटलीत गच्च भरून बूच पिळून लावलं होतं. टेम्पोत ऊन लागलं, अंबील आंबून फुगली आणि बूच उडालं ते थेट ड्रायव्हरच्या मानेवर. तो अजून आम्हाला 'अंबीलवाल्या' म्हणतो. म्हणू दे. भांडं पूर्ण भरायचं नाही, ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायचं आणि नऊ-दहाला संपवायचं. दुपारपर्यंत ठेवलीत आणि वास बदलला, फेस आला, तर ओतून द्या. जिवापेक्षा वाटीभर पीठ जास्त नाही.

आता ताकाचं. हे जरा मनातलं बोलतो. आपल्या गावात गाई-म्हशी काही कमी नाहीत, पण बऱ्याच घरांत ताक नाही. दोन्ही वेळचं दूध डेअरीला जातं, घरात राहतं ते चहापुरतं. दुधाच्या पैशावर घर चालतं हे आम्हालाही ठाऊक आहे, हप्ते पण त्यातूनच येतात. तरी आम्ही हिशेब करून बघितला. आठवड्यातनं तीन दिवस अर्धा-अर्धा लिटर दूध मागं ठेवलं तर विरजणाला पुरतं. गटातल्या चौघींकडं जनावर आहे, त्यांनी ते सुरू केलं. बाकीच्यांना ताक त्या देतात, पैसे न घेता. पूर्वी ज्याच्या घरी घुसळण व्हायची त्याच्या दारात शेजारणींची भांडी लागायची, ताकाला मोल कुणी लावत नव्हतं. ते परत चालू झालं, हे आम्हाला गटाच्या बचतीपेक्षा कमी वाटत नाही. आणि कुणाकडंच ताक नसेल तर पीठ पाण्यातच भिजवा, ते पाण्यातही आंबतं. वरून लिंबू पिळा किंवा उकडलेल्या कैरीचा गर घाला.

अंबील रोज रोज नको वाटते, म्हणून मग कण्या. ज्वारी जाडसर भरडून, चाळून वरच्या कण्या घ्यायच्या आणि भातासारख्या मऊ शिजवायच्या, मीठ घालून. गार झाल्या की ताक आणि लसणाची फोडणी. म्हाताऱ्यांना, दात नसलेल्यांना, आजारातून उठलेल्यांना फार बरं पडतं.

रात्रीची भाकरी उरली असेल तर तिचा काला. चुरा बारीक करायचा, ताकात दहा मिनिटं भिजू द्यायचा, मीठ, बारीक चिरलेला कांदा, थोडा ठेचा. शिळी भाकरी बाईच्या वाट्याला आणि ताजी बाकीच्यांना, हा घरोघरचा रिवाज. आमचं म्हणणं एवढंच, की काला करायचाच असला तर मोठ्या पातेल्यात करा आणि सगळ्यांना वाढा. एका घरात पोरांना तो इतका आवडला, की आता भाकरी उरत नाही म्हणून मुद्दाम दोन जास्त थापतात.

आणि घोळ. कांद्याच्या वाफ्यात पाणी असतं तिथं लालसर देठाची, जाड बारक्या पानांची घोळ जमिनीला लागून पसरते. आपण खुरपताना ती उपटतो आणि बांधावर फेकतो, आणि संध्याकाळी बाजारात पालकाची जुडी विकत घेतो! घोळ मुळातच आंबट आणि पाणीदार, उन्हाळ्यात तिच्यासारखी भाजी नाही. कोवळे शेंडे खुडून तीन पाण्यांनी धुवा, माती फार असते. वाटीभर मुगाची डाळ अर्धा तास भिजवून ठेवा. थोड्या तेलात जिरं, लसूण, हिरवी मिरची, त्यावर डाळ, डाळ बोटचेपी झाली की घोळ. घोळीला स्वतःचंच पाणी सुटतं, वेगळं घालू नका. दहा मिनिटांत होते. दोनच गोष्टी लक्षात ठेवा. नुकतंच औषध मारलेल्या रानातली घोळ घ्यायची नाही, तणनाशक मारलंय का ते मालकाला विचारायचं. आणि ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी ही भाजी टाळावी.

पालेभाजीबरोबर काहीतरी आंबट खा, लिंबू म्हणा, कैरी म्हणा. त्यानं भाजीतलं लोह अंगी लागतं. आणि जेवणाला लागून चहा घेतला की उलटं होतं, लोह कमी लागतं. चहा सोडा असं आम्ही म्हणणार नाही. आमचाच सुटला नाही. फक्त जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवायला लागलोय.

कैरीची डाळ चैत्रगौरीच्या हळदी-कुंकवाला होतेच. ती एरवी का करत नाही कोण जाणे. रात्री वाटीभर हरभऱ्याची डाळ भिजत घाला, सकाळी निथळून मिरच्या, मीठ घालून पाट्यावर जाडसर वाटा. एक लहान कैरी किसून मिसळा, किंचित साखर किंवा गूळ, वरून तेलात मोहरी-हिंग-हळदीची फोडणी. आपल्याकडं नारळ महाग, नसला तरी बिघडत नाही, शेंगदाण्याचा कूट घाला. भाकरीबरोबर छान लागते. पोट नाजूक असणाऱ्यांनी बेतानं खावी, कच्ची डाळ वारा धरते.

मोड आलेल्या मटकीचं उन्हाळ्यात एक ध्यानात ठेवायला लागतं. थंडीत मोड यायला दीड दिवस लागतो, आत्ता रातोरात येतात आणि सकाळी उशीर केला की चिकट होतात. चिकट झाली, वास आला, तर खाऊ नका. चांगली असली तर स्वच्छ धुऊन, एक वाफ काढून, कांदा, कैरी, मीठ, दाण्याचा कूट. फोडणी नाही, तवा नाही. काकडी, कांदा असं कच्चं काही खाणार असाल तर पाणी कसलं आहे ते बघा. टँकरचं पाणी असेल तर आशाताईंकडं क्लोरिनच्या औषधाची बाटली मिळते, बाटलीवर लिहिलेत तेवढे थेंब टाकून अर्धा तास थांबा आणि मग त्या पाण्यानं धुवा.

पन्ह्याची कृती सांगत नाही, ती सगळ्यांना येते. साखरेचा आजार असलेल्यांनी गूळ टाळून मीठ-जिऱ्याचं करावं, आणि रक्तदाब असलेल्यांनी मिठाचं डॉक्टरांना विचारावं. अंबिलीतल्या मिठालाही तेच लागू.

आता दोन मिनिटं त्या ताईसारखं कुणाला झालं तर काय करायचं. चक्कर, मळमळ, पायात गोळे, खूप घाम, ही पहिली खूण. कुणी असं म्हणाली की तिला "बस जरा, होईल बरं" म्हणून तिथंच वाफ्यात ठेवू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या कापडानं अंग पुसा, वारा घाला. शुद्धीवर असेल तरच घोट घोट पाणी द्या. ओआरएसचं पाकीट असेल तर एक लिटर पाण्यात एक पूर्ण पाकीट, कमी-जास्त नाही. आम्ही प्रत्येक टोळीबरोबर दोन पाकिटं ठेवतो. पण अंग तापलेलं असेल, बरळत असेल किंवा हाकेला ओ देत नसेल, तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासात जातं. १०८ ला फोन करायचा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून, ओलं फडकं ठेवून गार करत राहायचं. आम्ही त्या दिवशी फोन केला नव्हता, मालकाच्या जीपची वाट बघत बसलो होतो. ती चूक तुम्ही करू नका.

यंदाच्या काढणीला आमच्यात एक पद्धत पडली आहे. सकाळी टेम्पोत चढलं की किटल्यांची झाकणं उघडून एकमेकींना दाखवायची. पहिल्या दिवशी लाजल्यासारखं झालं, आता त्यातच स्पर्धा लागलीय. जिची किटली रिकामी तिला बाकीच्या वाटीवाटीनं भरून देतात, वर दोन शब्द ऐकवतात. जी कलंडली होती ती ताई आता सगळ्यात आधी खाऊन येते. तिच्या मालकानं एकदा विचारलं म्हणे, "आमच्या आधी जेवायला लागलीस काय?" ती म्हणाली, "दवाखान्याचं बिल तुम्ही भरलं होतं ना? मग." दोघी अजून चहावरच येतात. एकीला आंबट चालत नाही, तिच्यासाठी बिनताकाच्या कण्या सुरू केल्यात. दुसरीचं कारण अजून आम्हाला नीट कळलेलं नाही, तिच्या घरी जाऊन यायचंय.

पुढच्या बुधवारी याच वेळेला शेजारच्या गावच्या गटातल्या बाया कुरडया-सांडग्यांबद्दल बोलायला येणार आहेत, गहू भिजत घालायच्या आधी ऐका. आणि आत्यांनी जाता जाता निरोप दिलाय, रेडिओवर सांगा म्हणून: लसूण सोलून ठेचायचा, सालीसकट नाही. नमस्कार.